बॅग अजून वाटेतच

आज दुपारी चार्जर शोधायला म्हणून बॅगेत हात घातला तर हाताला चप्पल लागली, आणि चपलेत वाळू.

सुट्टीवरून येऊन आज पाचवा दिवस. बॅग आल्या रात्री जिथे टेकवली तिथेच आहे, म्हणजे नेमकी जाण्यायेण्याच्या वाटेत, आणि पाच दिवस घरातले सगळे तिला ओलांडून जातायत पण कुणी काही बोलत नाही, कारण बोलेल त्यालाच ती रिकामी करावी लागणार. मला एकदा अंगठ्याला ठेच लागली तेव्हा मी तिला पायाने जरा सरकवली, तेवढीच काय ती आवराआवर. वरचा कप्पा उघडा आहे, त्यातून टूथब्रश, कंगवा आणि रोजच्या गोळ्या बाहेर आल्यात. बाकी सगळं अजून तिथल्यासारखंच, घडी घालून (खरं तर कोंबून) आत.

तर वाळू. थोडी नखात गेली. मी तशीच फरशीवर बसून राहिले आणि एकदम असं भरून आलं की माझं मलाच हसू आलं. तिथे होतो तेव्हा हीच वाळू नको नको झाली होती, रोज संध्याकाळी पाय झटका, कपडे झटका, गादीवर आली म्हणून एकदा चांगलं भांडणसुद्धा झालं होतं. आता चिमूटभर उरलीय तर झाडून टाकवत नाही.

तसं दुःख वगैरे काही नाहीये. कुणी विचारलं काय झालं तर सांगण्यासारखं काहीच नाही, आणि हीच तर पंचाईत आहे. सुट्टीवरून आलेल्या माणसाला तोंड पाडून बसायचा हक्कच नसतो. मजा आहे बाबा तुझी, एकदम फ्रेश झाली असशील! फ्रेश? ऑफिसात पहिल्या दिवशी मी स्वतःचा पासवर्ड विसरले. तीनदा चुकीचा टाकला, कॉम्प्युटर लॉक झाला आणि खरं सांगू का, बरंच वाटलं, तेवढाच अर्धा तास मिळाला. मग तो उघडल्यावर ईमेलांचा ढीग, त्यातल्या कितीतरींवर 'तातडीचं' लिहिलेलं, आणि खालून वर वाचत गेलं तर सगळी तातडी माझ्याशिवायच मिटलेली. याने खरं तर हलकं वाटायला हवं. मला थोडंसं लागलंच.

ही मरगळ नेमकी कधी शिरते याचा मी बराच विचार केलाय (काम सोडून दुसरं करायचंय काय). माझा संशय दार उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांवर आहे. कुलूप निघतं आणि बंद घराचा वास येतो. त्यातला थोडा तर सरळ बाथरूमच्या मोरीचा असतो, जाळीखाली जे पाणी साठून राहतं ना, जे खालचा वास अडवून धरतं, ते इतक्या दिवसांत आटून जातं, तांब्याभर पाणी ओतलं की तो बंद होतो. पण तो गेल्यावरही मागे एक वास उरतो, आणि तो आपल्याच घराचा असतो. आपल्या कपड्यांचा, पुस्तकांचा, पांघरुणांचा, आपला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो नेहमीच येत असणार, आपल्याच नाकाला रोजचा झाल्यामुळे कळत नाही. त्या पाच मिनिटांत आपण आपल्याकडे पाहुणे असतो. पडदा किती विटलाय ते दिसतं. दिव्याच्या बटणाभोवती बोटांचे काळे डाग पडलेत, ते काय एका आठवड्यात पडले? मग हळूहळू नाक सरावतं, डोळे सरावतात, डाग दिसेनासे होतात, आणि झालं, आपण घरी आलो.

आई याला घर रुसलंय म्हणायची. मी लहान असताना हे शब्दशः खरं धरून चालले होते आणि गावाहून आल्यावर सगळ्यांची नजर चुकवून भिंतीवरून हात फिरवायचे. बाबांचं असलं काही नव्हतं. बाबांचा नियम होता, आल्या रात्री बॅगा रिकाम्या, मग कितीही वाजलेले असोत. आम्ही अर्धवट झोपेत उभे, आई मळके कपडे वेगळे काढतेय आणि बाबा रिकामी बॅग उलटी करून तिचा तळ थोपटतायत, असं ते दृश्य असायचं. तळातून वाळू, एखादं बटण, कसलीतरी पावती पडायची. मग बॅग माळ्यावर. सुट्टी संपली.

आमच्याकडे तेव्हा रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, त्यावरून दादात आणि माझ्यात मारामाऱ्या व्हायच्या. एका वर्षी परत आलो तेव्हा ते निघालो त्या तारखेवरच थांबलेलं होतं, 14 तारीख. अकरा पानं एकदम फाडायला मिळणार म्हणून दादा धावला पण त्या वर्षी पाळी माझी होती, आणि मी एकही फाडलं नाही. उद्या फाडते म्हटलं. दुसऱ्या दिवशी एकच फाडलं. 15 तारखेला आम्ही होडीत बसलो होतो, म्हणून तो दिवसभर माझ्यापुरता होडीचा. मग 16, त्या दिवशी दादा घसरून पडला होता. असं रोज एक पान, सगळ्या घराच्या अकरा दिवस मागे, आणि मला खरोखर वाटत होतं की हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी सकाळी बाबा कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले, माझ्याकडे बघितलं, आणि चिमटीत सगळी पानं धरून एकदम टर्रकन फाडली. रागावले नाहीत. गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, पाठकोरी आहेत, गणितं कर यावर.

केली पण मी. बरीचशी चुकली.

आता मोठी झाल्यावर असल्या गोष्टींना संशोधनाचा आधार शोधायची वाईट सवय लागलीय. 2010 मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, दीड हजारावर लोक होते, त्यातले 974 जण सुट्टीला जाऊन आलेले. निघालं काय, तर जाणारे लोक जायच्या आधी न जाणाऱ्यांपेक्षा खूश असतात आणि परत आल्यावर दोघांत बहुतेक काही फरक उरतच नाही. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांचं तेवढं थोडे आठवडे टिकतं. म्हणजे खरी सुट्टी तिकीट काढल्यापासून निघेपर्यंतच. 2013 मधल्या आणखी एका अभ्यासात लांबलचक सुट्टीवर गेलेल्या 54 नोकरदारांना सुट्टी चालू असतानाच विचारत होते, तर बरं वाटणं टोकाला पोचलं आठव्या दिवशी, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ये रे माझ्या मागल्या. आमची सुट्टी सात दिवसांची होती. म्हणजे आम्ही टोकाच्या आदल्या दिवशी बॅगा भरल्या.

त्याहून मजेशीर म्हणजे नॉस्टॅल्जिया हा शब्द. तो 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझलमधल्या आपल्या प्रबंधात घडवला, घरापासून लांब राहून झुरणाऱ्या लोकांच्या आजाराचं नाव म्हणून. ग्रीकमध्ये नॉस्टॉस म्हणजे घरी परतणं आणि अल्गॉस म्हणजे दुखणं. त्याच्या मते खरा इलाज एकच, रोग्याला घरी पाठवा. आणि मी इथे, घरी परतल्याचंच दुखणं घेऊन, घरातच बसलेय. मला कुठे पाठवणार?

उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. एक दिवस आधी या, मध्ये मोकळा दिवस ठेवा. ठेवला होता, तो पूर्ण दिवस मी सोफ्यावर पडून उद्या ऑफिस आहे याचा विचार केला. पुढच्या ट्रिपचं प्लॅनिंग सुरू करा. रजा शिल्लक नाहीये. फोटो लावून ठेवा. फोटोत आम्ही सगळे डोळ्यांवर ऊन आल्यासारखे दिसतो, आलंच होतं म्हणा.

मी काय करते ते सांगितलं तर लोक हसतील. फोनवर हवामान बघायचं जे असतं ना, त्यावर मी अजून तिथलंच गाव ठेवलंय. इथे सकाळी छत्री न घेता निघते आणि भिजून येते कारण तिकडे लख्ख ऊन असतं. आत्ताही बघितलं, तिकडे ढग आलेत, संध्याकाळी पाऊस दाखवतोय. तेवढ्यात पडदा काळा झाला, बॅटरी संपली.

मग मात्र बॅग उपसलीच. सगळी. चप्पल, ओलसर वास येणारा टॉवेल, कुणाचा तरी एक मोजा, तळ थोपटून पडलेली वाळू. चार्जर नाहीच. असणार तिथेच, पलंगामागच्या सॉकेटला लावलेला, बटण चालू.