यादीत न बसलेलं पुस्तक

मी कादंबऱ्या लिहिते आणि ख्रिस्ती आहे, त्यामुळे चर्चच्या वाचनगटासाठी वर्षभराची यादी करून द्या असं बोलावणं येत असतं. बाहेरून वाटतं त्यात काय, दहाबारा चांगली पुस्तकं लिहून द्यायची. पण समितीसमोर बसून एकेका पुस्तकाला जामीन राहावं लागतं. शिव्या आहेत का, दारू आहे का, लग्नाबाहेरचं काही आहे का, आणि नायक शेवटी देवाकडे येतो का. या शेवटच्या प्रश्नावर पुस्तकं पास-नापास होतात, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

मागच्या बैठकीत गाडी अडली ती सी. एस. लुईस यांच्या 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड'वर. लुईस म्हटल्यावर सगळ्यांच्या माना आधीच डोलल्या होत्या, त्यांच्या नार्नियाच्या मुलांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. मग एका वडीलधाऱ्या सभासदांनी सुरुवातीची पानं चाळली. 1960 मध्ये लुईस यांची बायको जॉय कॅन्सरने गेली, त्यानंतरच्या वह्यांमधलं हे लिखाण आहे, आणि सुरुवातीलाच त्यांनी लिहिलंय की अगदी निकडीच्या वेळी देवाकडे जावं तर दार तोंडावर आपटतं आणि आतून कडी घातल्याचा आवाज येतो. ते सभासद म्हणाले, हे मंडळीच्या हातात कसं द्यायचं? माणूस सज्जन आहे, स्वतः भरपूर वाचतो, आणि त्यांची काळजी खरी होती हे मला दिसत होतं. तरी मी भांडले. म्हटलं, बायबलमधलं स्तोत्र 88 आपण उपासनेत वाचतोच ना, ते तर अंधारातच संपतं, पुढे दिलाशाची एक ओळ नाही. एस्तेरच्या पुस्तकात मूळ हिब्रूत देवाचा उल्लेख एकदाही नाही. दावीद राजा आणि त्याच्या सैनिकाची बायको बथशेबा यांची गोष्ट तर तुमच्या दारूच्या आणि लग्नाबाहेरच्या प्रश्नांतच नापास होईल. पवित्र शास्त्र ज्यांनी एकत्र बांधलं त्यांना वाचकाची जेवढी खात्री होती तेवढी आपल्याला नाही असं मला वाटतं, आणि हे मी तिथंही बोलले. कॅथलिक चर्चने निषिद्ध पुस्तकांची यादी 1559 पासून 1966 पर्यंत चालवली, चारशे वर्षं, आणि शेवटी बंद केली. आपल्या याद्या छोट्या असतात पण भीती तीच. असो, पुस्तक कटलं. पाळकसाहेब मधलं काहीतरी काढू म्हणाले, आणि मधलं काढणं म्हणजे नेहमीसारखं गाळणं.

बैठक संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक ताई आल्या. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्यांनी विचारलं, "मघाशी नको म्हणाले ते कुठलं पुस्तक?"

कुणी पुस्तक मागितलं की मी आवडतं पुस्तक कुठलं हे विचारत नाही, कारण तिथं लोक शोभेलसं उत्तर देतात. अर्धवट सोडलेलं शेवटचं पुस्तक कुठलं आणि नेमकं कुठं सोडलं ते विचारते, कारण सोडलेलं पान खरं बोलतं. ताईंचं उत्तर मी विसरणार नाही. मंडळीतल्या लोकांनी त्यांना सांत्वनाची पुस्तकं आणून दिली होती, सगळी त्यांनी एकाच जागी मिटली होती. "'पण देवाची योजना' असं वाक्य आलं की पुढे जात नाही," म्हणाल्या. विश्वास गेलाय का, तर नाही, रोज प्रार्थना करतात, फक्त त्या जागी आल्यावर लेखक आपल्याशी बोलत नाहीये असं त्यांना वाटतं.

मी त्यांना माझी प्रत दिली. देताना त्यांनी विचारलं, शेवटी तो सावरतो का? हो म्हणावं तर समितीचा चौथा प्रश्न मीच पास केल्यासारखं होतं आणि नाही म्हणणं खोटं, कारण चारही भागांत ते हळूहळू, मागेपुढे होत, परत येतात. मी एवढंच म्हटलं की तो लपवत काही नाही. आणि एक गोष्ट सांगितली, की 1961 ला हे पुस्तक आलं तेव्हा लुईस यांनी स्वतःचं नाव न लावता एन. डब्ल्यू. क्लर्क या नावाने छापलं, आणि म्हणतात की त्यांच्याच काही परिचितांनी दुःख हलकं व्हावं म्हणून तेच पुस्तक त्यांना सुचवलं. ताई पहिल्यांदा हसल्या.

काही आठवड्यांनी फोन आला. पहिला भाग त्यांनी परत परत वाचला होता, वहीत उतरवून घेतला होता, तिसऱ्या भागात कुठेतरी थांबल्या. मी विचारलं, आवडेनासं झालं का. म्हणाल्या, "पुस्तक चांगलंय हो, पण तो माझ्यापुढे निघून गेला."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या टेबलावर आहे, कारण माझी कादंबरी सध्या शेवटच्या प्रकरणात आहे आणि त्या प्रकरणात माझी नायिका सावरते. संपादकांना ते प्रकरण फार आवडलंय. पश्चात्तापाचा किंवा विश्वासाकडे वळण्याचा प्रसंग लिहिणं किती अवघड असतं हे लिहिल्याशिवाय कळत नाही. प्रवचन येतंय हे वाचकाला तीन पानं आधी कळतं. म्हणून मी सगळ्यात धारदार वाक्यं नेहमी न मानणाऱ्या पात्राला देते, आणि नायिका वळते तो क्षण तर मी मुद्दाम एखाद्या क्षुल्लक कामाच्या मध्ये टाकते, प्रार्थनेत नाही. प्रार्थनेचं उत्तर म्हणून कथानकातला गुंता सुटता कामा नये हा माझा स्वतःचा नियम, एवढ्या वर्षांत मोडलेला नाही, आणि ख्रिस्ती कादंबऱ्यांत तो सर्रास मोडला जातो त्याची मला चीड आहे. आजारी मूल बरं होतं, हरवलेलं पत्र सापडतं, आणि ज्या वाचकाचं मूल बरं झालं नाही तो बिचारा पुस्तक मिटून गप्प बसतो. कुणाला कळवतही नाही.

पण इथं प्रश्न वेगळाच निघाला. माझं प्रकरण खोटं नाहीये. नायिका ज्या वाटेने येते ती वाट मी तिच्यासोबत पायरी पायरी चालले आहे. लुईस यांचंही खोटं नाही. तरी खरं लिहिलेलं सावरणंसुद्धा वाचकाला मागे टाकून जाऊ शकतं, हे मला ताईंच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं. लूकच्या 15 व्या अध्यायात, उधळ्या मुलाच्या गोष्टीत, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत आल्यावर घरात आनंदोत्सव चालू असतो आणि थोरला भाऊ बाहेर उभा असतो, बाप त्याला समजवायला बाहेर येतो, आणि गोष्ट तिथंच संपते, तो आत गेला का ते येशू सांगत नाही. मी हे प्रवचनांत कितीदा ऐकलंय, पण गोष्ट सांगणाऱ्याने ती कुठं थांबवली इकडे लेखक म्हणून आत्ता बघतेय. थोरल्यासारखा बाहेर उभा असलेला ऐकणारा तिथं एकटा पडत नाही.

प्रकरण काढायचं नाही असं ठरवलंय, संपादकांना तसं कळवलंही. पण त्यात नायिकेची बहीण आणतेय, जी सावरलेली नाही, आणि शेवटपर्यंत सावरणार नाही. तिला शेवटचा संवाद द्यायचा की नाही यावर अडलेय. संपादक म्हणतात, सूर बिघडेल. बिघडेलही.

आणि ताईंना दुसरं पुस्तक हवंय. स्तोत्र 88 सुचवावं म्हटलं तर ते त्यांना पाठ आहे. जपानी लेखक शुसाकु एन्डो यांची जपानमधल्या ख्रिस्ती लोकांच्या छळावरची 1966 ची कादंबरी 'सायलेन्स' मनात आली होती, देवाचं मौन इतक्या जवळून क्वचितच कुणी लिहिलंय, पण त्यातला छळ त्यांना आत्ता सोसेल का याची खात्री वाटत नाही. एरवी मी कुठल्याही पुस्तकाचा शेवट आधी वाचत नाही, सध्या जे हातात येतं त्याचा आधी शेवट बघते, कोण कुणाला सोडून पुढे जातंय ते तपासते. अजून एकही पाठवलेलं नाही.