नऊशे मीटरवरचे चित्र आणि अडकलेले पार्सल

जुन्नर तालुक्यातील आमच्या शेताला मोटारीसाठी वीज पुष्कळदा रात्री मिळते आणि उसात बिबट्याचा वावर असतो, त्यामुळे स्टार्टर चालू आहे की पडला आहे हे पाहण्यासाठी अंधारात पाणंदीने ९०० मीटर चालत जाणे थोरल्या काकांना आता झेपत नाही. म्हणून मी चार चाकांचा एक रोव्हर, म्हणजे दुरून चालवायची गाडी, बांधला. सांगाडा, मोटारी, रिमोट आणि रात्री दिसणारा कॅमेरा हे सारे तीन आठवड्यांत जमले. राहिले ते फक्त कॅमेऱ्याचे चित्र घरापर्यंत आणणे, आणि त्यातच माझा पावसाळा गेला.

मोबाईलच्या नेटवर्कवर भिस्त ठेवता येत नव्हती, कारण मोटारीपाशी सिग्नल कधी असतो, कधी नसतो. तेव्हा वायफायच्या कार्डांवरून, दोन टोकांची आधी जोडणी न करता थेट पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) फेकत चित्र पाठवण्याची पद्धत मी निवडली. तिच्यात चुकांच्या दुरुस्तीसाठी जादा माहिती सोबत जाते आणि सिग्नल क्षणभर तुटला तरी पुन्हा जोडणी होईपर्यंत थांबावे लागत नाही. त्यासाठी आरटीएल८८१२एयू चिपची जास्त शक्तीची दोन कार्डे मी जूनच्या पहिल्या आठवड्यात परदेशातून मागवली. तेव्हा ऊस जेमतेम कमरेइतका होता.

दहा दिवसांनी कुरिअर कंपनीच्या कस्टम विभागाचा ईमेल आला, की वस्तू बिनतारी असल्याने ईटीए (उपकरण-प्रकार मान्यता) प्रमाणपत्र जोडावे. ही मागणी योग्यच होती. परवाना लागत नसलेल्या वारंवारतेच्या पट्ट्यातील उपकरणालाही दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-प्रकार मान्यता लागते, आणि पट्टा मोकळा असणे व उपकरण मान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक असायला हवे होते. माझा राग आहे तो पुढच्या नऊ आठवड्यांवर. कुरिअरच्या त्या कस्टम विभागाने आधी आधार आणि पॅन मागितले. मी त्याच दिवशी पाठवले. आठ दिवसांनी तेच पुन्हा मागितले. मग वस्तूच्या वापराविषयी पत्र मागितले, ते पाठवल्यावर त्याचा नमुना चुकीचा असल्याचे कळवले, मात्र बरोबर नमुना कोणता हे दोनदा विचारूनही सांगितले नाही. फोन केला, की प्रत्येक वेळी नवी व्यक्ती तक्रार क्रमांक विचारी आणि मी सारी कथा पहिल्यापासून सांगे. दरम्यान गोदामाचे भाडे चढत होते.

दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर स्वतः अर्ज करून पाहावा असेही मनात आले. पण त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आरएफ (रेडिओ लहरींचा) चाचणी अहवाल हवा. विक्रेत्याकडे मागितला, तर त्याने कार्डाचे छायाचित्र पाठवले! दोन कार्डांसाठी स्वतः चाचणी करून घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ऑगस्टमध्ये पार्सल परत पाठवण्याच्या कागदावर मी सही केली. पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला ईटीए क्रमांक विचारावा, आणि तो नसेल तर वस्तू कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

मार्ग सापडला तो गावातील इंटरनेटवाल्यामुळे. घरची जोडणी दुरुस्त करायला आला असता त्याने रोव्हर पाहिला आणि म्हणाला, “सर, आमचाच डबा बसवा की गाडीवर.” वाडीवस्तीवर इंटरनेट पोहोचवण्यासाठी वापरतात ती ५.८ गिगाहर्ट्झची, भारतात मान्यता घेऊन विकली जाणारी बाह्य उपकरणे त्याच्याकडे जुनी पडली होती. रोव्हरवरच्या उपकरणाला २४ व्होल्ट लागतात आणि माझी बॅटरी १२ व्होल्टची होती, ती अडचण बूस्ट कन्व्हर्टरने एका दुपारी सुटली.

मात्र दोन महिन्यांत ऊस डोक्यावर, अडीच मीटरपर्यंत गेला होता, आणि ओली पाने लहरी शोषून घेतात. नुसती सरळ नजर पोहोचणे पुरत नाही. दोन अँटेनांमधील लांबट फुगवटा, ज्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात, त्याच्या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. ९०० मीटरच्या मध्यावर ही त्रिज्या ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे ३.४ मीटर, तर २.४ गिगाहर्ट्झला सुमारे ५.३ मीटर येते. कमी वारंवारता लांब जाते असे सगळे सांगतात, पण साडेतीन मीटरच्या अरुंद पाणंदीत मला ५.८चीच बारीक वाट उपयोगी पडली. घर पाणंदीच्या तोंडाशीच असल्याने तिथला अँटेना ६ मीटरवरून ९ मीटरवर नेला, रोव्हरवरचा १.२ मीटरच्या पीव्हीसी नळीवर बसवला, आणि गोठलेले चित्र हलू लागले.

रोव्हर वळत असल्याने त्याच्यावर सर्व दिशांचा अँटेना लागतो, पण तो फार जास्त गेनचा (लहरी एका पातळीत एकवटणारा) घेऊ नये. त्याचा झोत चपटा असतो आणि चाकोरीत गाडी कलली की तो आकाशाकडे किंवा मातीत जातो. चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवरून १०वर आणल्यास गोंगाट ६ डेसिबलने घटतो, आणि २ मेगाबिटच्या चित्राला तेवढी रुंदी पुरते. चित्र मागे पडत असेल तर दोष बहुधा रेडिओचा नसतो: व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये नेटवर्कसाठी मुळातच १००० मिलिसेकंदांचा साठा ठेवलेला असतो, तो कमी करावा. किती उशीर होतो हे मोजण्यासाठी कॅमेऱ्यासमोर स्टॉपवॉच ठेवून, ते आणि पडदा यांचा एकच फोटो काढावा.

हे सर्वांत आधी लिहायला हवे होते: सिग्नल तुटताच रोव्हरच्या मोटारी एका सेकंदात थांबतील अशी सोय पहिल्याच दिवशी करावी. मी ती केली नव्हती. रोव्हर पाटाच्या पाण्यात जाऊन उभा राहिला, आणि तो आणायला रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन काकाच गेले.