तुम्ही विचारलंत म्हणून : ट्रेमध्ये जागा दिसते, मग आणखी केबल का नको?

अमेरिकी प्रकल्पांच्या आराखड्यांवर पुण्यात बसून काम करणारे तरुण अभियंते मला एक प्रश्न हमखास विचारतात : चोवीस इंच रुंदीचा लॅडर ट्रे (केबल वाहून नेणारा, शिडीसारख्या तळाचा लांब ट्रे) निम्म्याहून अधिक रिकामा असताना तुम्ही त्यावर ‘भरला’ असा शेरा का मारता?

तेथील नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या, म्हणजे विद्युत जोडणीच्या नियमावलीच्या, कलम ३९२ मधील मर्यादा मुख्यतः उष्णतेच्या हिशेबाने समजून घ्याव्या लागतात. दोन हजार व्होल्टपर्यंतच्या मल्टिकोअर (एकाच आवरणात अनेक कंडक्टर, म्हणजे वाहक तारा, असलेल्या) पॉवर केबलसाठी तेथे अमेरिकी तारमापातला ४/० हा आकार, म्हणजे सुमारे १०७ चौरस मिलिमीटरचा कंडक्टर, सीमारेषा मानला आहे. त्या आकाराच्या आणि त्याहून मोठ्या केबल एकाच थरात टाकाव्या लागतात व त्यांच्या बाह्य व्यासांची बेरीज ट्रेच्या रुंदीपेक्षा अधिक असून चालत नाही. लहान केबल एकमेकींवर येऊ शकतात. त्यांच्या छेदक्षेत्रांची बेरीज मात्र चोवीस इंची ट्रेमध्ये २८ चौरस इंचांच्या आत राहावी लागते, आणि ट्रे तीन इंच खोल आहे की सहा इंच, याने त्या आकड्यात काहीही फरक पडत नाही. विद्युतवहन क्षमतेचे तक्ते अशा मर्यादित भरणीला धरूनच लागू होतात. ढीग वाढला की मधल्या केबलची उष्णता कोंडते.

दोन्ही प्रकार एकत्र आले की खरी गफलत होते. समजा, दोन इंच व्यासाच्या तीन मोठ्या केबल आहेत. त्यांच्या व्यासांची बेरीज सहा, तिला कोडमधील सूत्राप्रमाणे १.२ ने गुणून आलेले ७.२ हे २८ मधून वजा केले, तर लहान केबलसाठी २०.८ चौरस इंच उरतात. मोठ्या केबलवर दुसरे काही ठेवायचे नसते, ही अट पुष्कळजण विसरतात. वर्गवारी कंडक्टरच्या आकारावरून होते, तर हिशेब केबलच्या बाह्य व्यासावरून, हेही ध्यानात ठेवावे.

केवळ कंट्रोल आणि सिग्नल केबल असतील, तर त्या फारशा तापत नसल्यामुळे चार इंच खोलीच्या त्याच ट्रेचे निम्मे छेदक्षेत्र, म्हणजे ४८ चौरस इंच, वापरता येते. (हा आकडा पॉवर केबलच्या हिशेबात उचललेला मी अनेकदा पाहिला आहे.) बंद तळाच्या ट्रेमध्ये हवा खालून फिरत नाही, म्हणून तेथे लहान पॉवर केबलसाठी २८ ऐवजी २२ चौरस इंचच मिळतात.

भरणी नियमात बसली, तरी सहा फुटांहून अधिक लांबीवर सलग, छिद्रे नसलेले झाकण घातले, तर मल्टिकोअर केबलची वहनक्षमता ९५ टक्केच धरावी लागते. त्यामुळे झाकणाची नोंद आराखड्यावर आहे का, हे मी बेरजा तपासण्याआधी पाहतो.