भंगारात काढलेली गाडी आणि साडेअठराशे पौंडांचा देकार

जानेवारीतील एका गोठलेल्या सकाळी इंग्लंडमधील लेस्टर येथील आमच्या घरासमोर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या होंडा जाझवर सामान पोहोचवणारी एक व्हॅन बर्फावरून घसरत येऊन आदळली. चालक भला होता. त्याने बेल वाजवून क्षमा मागितली आणि आपल्या विम्याचा तपशील कागदावर लिहून दिला. चालकाच्या बाजूचे मागील दार आत चेपले होते, त्यामागचा पत्रा दुमडला होता आणि दिव्याच्या काचा फुटपाथवर विखुरल्या होत्या. गाडी मात्र पहिल्याच चावीला सुरू झाली आणि सरळ रेषेत चालली. 2010 सालची, 87 हजार मैल धावलेली गाडी आहे. दार बदलून घेऊ, एवढाच विचार त्या वेळी मनात होता.

चौथ्या दिवशी माझ्या विमा कंपनीचा फोन आला. प्रत्यक्ष गाडी कोणी पाहिली नव्हती. मी पाठवलेल्या छायाचित्रांवरूनच ती ‘राइट-ऑफ’, म्हणजे दुरुस्त करणे परवडणार नाही अशी, ठरवण्यात आली होती आणि तिची किंमत म्हणून 1850 पौंड देऊ केले होते. माझ्या तोंडून नकळत ‘अहो, पण ती चालते आहे’ असे मराठीतच निघाले.

येथे समजून घेण्याची गोष्ट अशी की राइट-ऑफ हे गाडीच्या प्रकृतीचे निदानपत्रक नसून विमा कंपनीचा हिशेब असतो. कंपनीच्या पसंतीच्या वर्कशॉपमध्ये कोरे करकरीत दार, कोरा दिवा, शेजारच्या पत्र्यांशी रंग जुळावा म्हणून त्यांच्यावरही मारावा लागणारा रंग, ताशी दराने कारागिरी, त्या सर्वांवर 20 टक्के व्हॅट आणि तोपर्यंत ग्राहकाला वापरायला दिलेल्या गाडीचा खर्च, असे आकडे एकाखाली एक मांडले की पंधरा वर्षे जुन्या गाडीची किंमत सहज ओलांडली जाते. नवी गाडी हाच मार लागूनही दुरुस्त होते आणि जुनी त्याच माराने भंगारात जाते, याचे कारण माराच्या जोरात नसून गाडीच्या किमतीत आहे.

ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2017 पासून अशा गाड्यांचे ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग केले जातात. ए वर्गातील गाडी सुट्या भागांसकट चिरडायची असते. बी वर्गातील गाडीचे भाग काढून विकता येतात, पण सांगाडा चिरडावाच लागतो. एस म्हणजे सांगाड्याला इजा झालेली, तरी दुरुस्त करता येणारी गाडी, आणि एन म्हणजे सांगाडा शाबूत असलेली. आमची जाझ एन वर्गातील निघाली. त्यापूर्वीच्या पद्धतीत सी आणि डी असे वर्ग होते, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत ती अक्षरे अजूनही दिसतात.

भारतात गाडीचा विमा उतरवतानाच आयडीव्ही, म्हणजे गाडीची मान्य किंमत, पॉलिसीवर छापलेली असते आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या 75 टक्क्यांपलीकडे गेला की ‘टोटल लॉस’ धरला जातो. रक्कम आवडो वा न आवडो, ती आधीच ठाऊक असते. येथे सर्वसाधारण पॉलिसीत आकडा नसतोच. ‘अपघातापूर्वीच्या क्षणी असलेला बाजारभाव’ एवढेच शब्द असतात आणि तो भाव कोणता यावरच सारा वाद होतो. माझ्या अनुभवाने सांगतो, पहिला देकार हा भाजीबाजारातील पहिल्या भावासारखा ऐकून घ्यावा. आपल्याकडे जी माणसे कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटे घासाघीस करतात, तीच परदेशी कंपनीचे छापील पत्र आले की गप्प बसतात, याचे मला राहून राहून नवल वाटते.

फोनवर वाद न घालता मी एक पत्र लिहिले. 1850 चा आकडा कोणत्या मूल्यदर्शिकांवरून, म्हणजे जुन्या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या सूचींवरून, काढला हे लेखी मागितले. ग्लासेस, कॅप आणि पार्कर्स या येथील प्रचलित दर्शिका आहेत, आणि विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या वित्तीय लोकपाल कार्यालयाची भूमिका साधारणपणे अशी आहे की निरनिराळ्या दर्शिकांतील सर्वांत वरच्या आकड्यापेक्षा कमी देणाऱ्या कंपनीने त्याचे सबळ कारण दाखवावे. आमच्या कंपनीने दोन दर्शिकांची सरासरी काढली होती. त्याशिवाय त्याच सालच्या, त्याच इंजिनाच्या आणि जवळपास तितक्याच धावलेल्या पाच जाझ गाड्यांच्या जाहिराती मी जोडल्या; त्या 2600 ते 3000 पौंडांच्या होत्या. जाहिरातीतील किंमत ही मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे, हे मलाही कळते. म्हणून मी 3000 न मागता 2600 मागितले.

सर्वांत उपयोगी पडला तो एमओटी या वार्षिक तपासणीचा इतिहास. गाडी तीन वर्षांची झाली की ही तपासणी दरवर्षी करावी लागते आणि कोणत्याही गाडीचा क्रमांक टाकून सरकारी संकेतस्थळावर तिचा इतिहास फुकट पाहता येतो. दरवर्षीचे मैल, पास की नापास, आणि ‘अ‍ॅडव्हायझरी’ म्हणजे आज चालेल पण लक्ष ठेवा अशा सूचना, हे सर्व त्यात असते. आमच्या गाडीची पाने जवळजवळ कोरी होती. शिवाय मागच्याच हिवाळ्यात घातलेल्या चार टायरांची पावती सापडली. ‘सर्वसाधारण स्थिती’ असे म्हणून कंपनीने जी कपात केली होती, ती यावर टिकली नाही.

उत्तर यायला सतरा दिवस लागले. तोवर 1850 पौंड वाद कायम ठेवून अंशतः म्हणून स्वीकारतो, असे मी लेखी कळवले होते. कंपनीनेही ते मान्य केले. बोलणे फिसकटले असते तर रीतसर तक्रार करायची, आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही किंवा अंतिम उत्तर पटले नाही तर लोकपालाकडे जायचे, आणि अंतिम उत्तरानंतर त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते, हा मार्ग मी आधीच पाहून ठेवला होता. ग्राहकाला त्यासाठी एक पेनीही पडत नाही. वित्तीय व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या एफसीएनेही डिसेंबर 2022 मध्ये विमा कंपन्यांना गाड्यांची किंमत कमी लावू नका अशी जाहीर समज दिली होती. त्याचा उल्लेख पत्राच्या शेवटच्या ओळीत केला. अखेर 2500 पौंडांवर तडजोड झाली.

गाडी मी ठेवून घेतली. तशी मागणी पैसे स्वीकारण्याआधी करावी लागते. एकदा भंगारवाला गाडी उचलून घेऊन गेला की ती परत मिळणे कठीण. कंपनीने भंगाराची किंमत म्हणून 260 पौंड वजा केले आणि ‘एक्सेस’, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारा वाटा, म्हणून आणखी 250. दोष व्हॅनचा असल्याने ते 250 पुढे तिच्या विम्याकडून परत मिळाले. एन वर्गात गाडीची नोंदवही, म्हणजे आपल्याकडच्या आरसी बुकासारखे नोंदणीचे कागद, आपल्याकडेच राहते. एस वर्गात ती विमा कंपनीला पाठवून नवी, वर्गाची नोंद असलेली प्रत मागवावी लागते. एका गोष्टीने मात्र मला चकवले होते. गाडी राइट-ऑफ होऊन पैसे दिले की बहुतेक पॉलिसी संपते आणि हप्त्याने प्रीमियम भरणाऱ्याचे वर्षाचे उरलेले हप्तेही त्याच रकमेतून कापले जातात. दुरुस्त झालेली गाडी जुन्या पॉलिसीच्या भरवशावर रस्त्यावर काढली असती, तर मी विनाविमा चालक ठरलो असतो. नव्या कंपनीला एन वर्ग सांगावाच लागला आणि तिने प्रीमियम थोडा चढवला. विकायला काढली तर किंमतही कमी येईल, पण मला ती विकायचीच नव्हती.

दुरुस्ती बेलग्रेव्ह रोडच्या मागील एका गॅरेजमध्ये झाली. मालक काका 1972 मध्ये युगांडातून घालवून दिलेल्या कुटुंबातील. माझ्याशी गुजराती वळणाच्या हिंदीत बोलतात आणि मला चाळिशी उलटली तरी ‘बेटा’ म्हणतात. त्यांनी गाड्या तोडणाऱ्या एका यार्डातून त्याच चंदेरी रंगाचे दार 90 पौंडांत आणवले. त्या दाराच्या काचेवर आतून कोण्या मुलाने चिकटवलेला हिरवा डायनासोर होता. काकांनी तो खरवडायला पाते उचलले, तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या माझ्या मुलीने इतका गलका केला की तो तेथेच राहिला.

दार लागायला तास पुरला. वेळ खाल्ला तो गंजाने. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ गोठू नये म्हणून येथे खाणीतले मीठ पसरतात, त्यातील बरेचसे चेशायरमधील विन्सफर्डच्या खाणीतून येते, आणि ते चिखलासोबत गाडीच्या पोटाला चिकटून राहते. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्याने स्कूटर खाल्लेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. गाडी लिफ्टवर होतीच, म्हणून काकांनी मागच्या ब्रेकच्या पाइपवरून बोट फिरवले. तपकिरी पापुद्रे त्यांच्या तळव्यावर पडले. पाइप धरून ठेवणारा बोल्ट तेल सोडून, मग ज्योतीने लाल करून फिरवला, तरीही त्याचे डोके तुटून हातात आले. ‘दार को छोडो बेटा, ये देखो,’ एवढेच ते म्हणाले.

एकूण बिल 780 पौंड झाले, त्यात नवे ब्रेक पाइपही आले. सांगाडा वाकला असता, एअरबॅग फुटली असती किंवा दारांखालील पट्टीला गंजाने भोक पडले असते, तर मी मुकाट्याने पैसे घेऊन गाडी सोडली असती. तशी गाडी हौसेने सांभाळणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे. एप्रिलमध्ये जाझ एमओटीला गेली आणि पास झाली. या वर्षी एक सूचना मात्र नोंदली गेली: मागील उजव्या दाराच्या काचेवर स्टिकर आहे, पण दृष्टीस अडथळा नाही.