तुम्ही विचारलंत म्हणून: एका मिथाइलचा फरक अँटिबॉडीला कळतो का?

अ‍ॅडेनोसिन हा आरएनएचा एक घटक. त्याला एक मिथाइल गट (CH3) लागला की ते एन6-मिथाइलअ‍ॅडेनोसिन, म्हणजे एम6ए; साध्या अ‍ॅडेनोसिनहून फक्त 14 डाल्टननी (रेणूंच्या वजनाचं एकक) जड. एवढा फरक अँटिबॉडीला (ठरावीक रेणू ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनाला) कळतो का, असं बरेचजण विचारतात. कळतो. पण किती कळतो हे मोजल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

अँटिबॉडी मिळवायला तो रेणू सशाला टोचतात. पण सुटं न्यूक्लिओसाइड (अ‍ॅडेनोसिनसारखी बेस आणि साखरेची जोडी) इतकं लहान, की सशाचं शरीर त्याची दखलच घेत नाही. म्हणून ते केएलएचसारख्या मोठ्या प्रथिनाला जोडतात. एर्लांगर आणि बायझर यांची 1964 ची रीत अजून चालते: सोडियम पेरिआयोडेटने रायबोज या साखरेचं कडं उघडायचं, 20 मिनिटांनी इथिलीन ग्लायकॉलने उरलेलं पेरिआयोडेट संपवायचं, पीएच 9 ते 9.5 ला प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाशी गाठ घालायची आणि बोरोहायड्राइडने ती पक्की करायची. जोड साखरेतून असल्यामुळे अँटिबॉडी बेस ओळखायला शिकते, साखर नाही. त्यामुळेच एमआरएनएच्या (प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएच्या) टोकावरच्या टोपीलगतचं एम6एएम, ज्याच्या साखरेवरही एक मिथाइल असतो, तिला एम6एसारखंच दिसतं.

एम1ए, म्हणजे मिथाइल बेसच्या दुसऱ्या जागी असलेलं अ‍ॅडेनोसिन, जोडताना फार जपावं लागतं. अल्कलीत आणि उष्णतेत त्याचा मिथाइल गट जागा बदलतो आणि एम1एचं एम6ए होतं. मिश्रण गार ठेवा, वेळ कमी ठेवा. नाहीतर कुपीवर एम1ए लिहिलेलं असेल आणि सशाला मिळालेलं असेल एम6ए.

अँटिबॉडी तपासताना इलायझाच्या (रंगावरून अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर बीएसए या दुसऱ्या प्रथिनाचा जोड लावा. केएलएचच लावलंत, तर केएलएचविरुद्धच्या अँटिबॉडीही रंग देतील. मग सुटी न्यूक्लिओसाइडं वाढत्या प्रमाणात घालून स्पर्धा लावा, म्हणजे कोण किती चिकटतं ते कळेल. इथे हिशेब महत्त्वाचा. सस्तन प्राण्यांच्या एमआरएनएत 1000 अ‍ॅडेनोसिनमागे एम6ए साधारण 2 ते 6. साधं अ‍ॅडेनोसिन 100 पट कमी चिकटत असेल, तरी त्या हजारांचा एकूण वाटा 10 एम6एइतका भरतो, म्हणजे खऱ्या खुणेहून जास्त. हजारपट फरकही आमच्या मते जेमतेमच.

जोडीत बसलेला बेस अँटिबॉडीच्या खोबणीत शिरत नाही. म्हणून डीएनए तपासायचा असेल तर तो 95 अंशांवर 10 मिनिटं तापवून थेट बर्फात टाका. हळूहळू निवू दिलात तर धागे पुन्हा जुळतात, डॉट ब्लॉट (पटलावर नमुन्याचे ठिपके देऊन केलेली चाचणी) फिका येतो आणि दोष मात्र अँटिबॉडीला लागतो. अँटिबॉडीने एम6ए असलेलं आरएनए ओढून काढताना त्याच क्रमाचं, पण परीक्षानळीत बनवलेलं बिनमिथाइलचं आरएनए सोबत चालवा. त्यातही जे शिखर (आरएनए जास्त जमलेली जागा) दिसेल, ते तुमच्या यादीतून खोडा.