पत्र्याच्या पलीकडचा हात

ओझरच्या वसाहतीत वाढलेली मुले विमानाच्या आवाजाने मान वर करीत नाहीत. आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला तरच मान वर जाते. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना सुरू झाला आणि माझे वडील त्या कारखान्यात पस्तीस वर्षे फिटर होते. आधी मिग-२१ च्या बांधणीवर, नंतर त्याच विमानांच्या ओव्हरहॉलवर, म्हणजे पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीवर, आणि शेवटची काही वर्षे सुखोई-३० वर. आज मी अमेरिकेत, ओक्लाहोमा सिटीला लागून असलेल्या टिंकर हवाई तळावर, अमेरिकी हवाई दलाच्या केसी-१३५ या विमानांच्या पत्र्याचे काम करते. माझ्या हुद्द्याचे नाव शीट मेटल मेकॅनिक. गेल्या खेपेस नाशिकला एका लग्नात एका आत्याबाईंनी मला बाजूला घेऊन, अगदी काळजीच्या स्वरात, "एवढी बीएस्सी झालीस, अमेरिकेत गेलीस, आणि शेवटी हातात ड्रिल मशीनच घेतलंस का गं?" असे विचारले. त्या वेळी मंगलाष्टके सुरू झाल्याने उत्तर राहून गेले. ते येथे सविस्तर देत आहे, कारण हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो आणि तो विचारणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही.

प्रथम विमानाविषयी. केसी-१३५ हे हवेत दुसऱ्या विमानांत इंधन भरणारे विमान आहे. त्याच्या पंखांत आणि प्रवासी विमानात जेथे सामान ठेवतात त्या जमिनीखालच्या भागात इंधनाच्या टाक्या असून, शेपटीखाली बूम नावाची एक लांब, ताठ नळी असते. मागच्या बाजूला एक सैनिक पालथा झोपून, खिडकीतून खाली पाहत, ती नळी मागून आलेल्या विमानाच्या तोंडाशी नेऊन जोडतो. दोन्ही विमाने त्या वेळी वेगात, एकमेकांपासून काही मीटर अंतरावर उडत असतात. बोइंगने बांधलेल्या या विमानाचे पहिले उड्डाण ३१ ऑगस्ट १९५६ रोजी झाले, १९५७ साली ते हवाई दलात आले आणि शेवटचे विमान १९६५ साली कारखान्यातून बाहेर पडले. म्हणजे माझ्या हाताखाली येणारे प्रत्येक विमान माझ्याहून वयाने मोठे असते आणि काही तर बाबांच्याच वयाची असतात. त्यांची इंजिने १९८० च्या दशकापासून बदलली गेली, कॉकपिटमधील उपकरणे बदलली गेली, पंखांचे खालचे पत्रेही बहुतेकांचे बदलून झाले. परंतु सांगाडा तोच आहे, आणि तो अजून उडतो आहे याचे कारण दर पाच वर्षांनी ते आमच्याकडे येते आणि आम्ही ते उघडून पाहतो.

उघडून पाहतो हे शब्द फार साधे आहेत. विमान दुरुस्तीच्या डॉकमध्ये आले की इंधनाचा शेवटचा थेंब काढून टाक्या हवेने मोकळ्या केल्या जातात, झाकणे, जमिनीचे तक्ते, पंखांचे हलते भाग उतरवले जातात, आणि मग सहा दशकांपूर्वी कोणीतरी जोडलेले सांधे उजेडात येतात. अ‍ॅल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो. तो पांढरट, राखाडी भुकटीसारखा असतो आणि दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या सांध्यात ओल शिरली की आतल्या आत वाढतो. भुकटीला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागत असल्यामुळे वरचा पत्रा दोन रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या मेखांच्या, मध्ये उशीसारखा किंचित फुगतो. हा फुगवटा डोळ्यांना क्वचित दिसतो; विजेरी पत्र्याला जवळजवळ टेकवून, आडवा उजेड टाकला की सावलीत लाट दिसते, आणि तळहात फिरवला की कळते. माझ्या प्रशिक्षणातील पहिल्या महिन्यात मला हे कळत नसे. आता अनेकदा हात आधी थांबतो आणि मग मी विजेरी लावते. तपासनीस त्यानंतर यंत्राने खात्री करतात. केवळ हातावर कोणीही विसंबून राहत नाही, राहूही नये.

मग खराब भाग कापणे, त्याच मापाचा नवा तुकडा घडवणे, भोके पाडणे, भोकांच्या कडा साफ करणे, गंजरोधक रंग लावणे आणि रिव्हेट मारणे. यातील रिव्हेटांविषयी मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण बहुतेक लोकांना ते खिळ्यांसारखे वाटतात. अ‍ॅल्युमिनियमच्या काही मिश्रधातूंचे रिव्हेट तापवून एकदम थंड केले की काही काळ मऊ राहतात आणि नंतर साध्या हवेत, कोणी काहीही न करता, आपोआप कठीण होत जातात. कठीण झालेला रिव्हेट मारला तर त्याला चीर जाते. म्हणून ते फ्रीजरमध्ये ठेवलेले असतात. थंडीत हे कठीण होणे लांबते. सर्वांत मजबूत प्रकारचे रिव्हेट बाहेर काढले की हातात मिनिटेच असतात, म्हणून लागतील तेवढेच काढायचे, आणि वेळ उलटून गेला तर ते वापरायचे नाहीत. ज्या बायकांनी पुरणाच्या पोळ्या केल्या आहेत, पुरण आणि कणीक दोन्ही एकाच वेळी सैल पडायला हवेत ही घाई ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे काम मी फोनवर दोन वाक्यांत समजावू शकले आहे.

रिव्हेट मारायला दोन माणसे लागतात. एक बाहेरून रिव्हेट गन धरतो आणि दुसरा आत, पत्र्याच्या पलीकडे, बकिंग बार नावाचा पोलादाचा ठोकळा रिव्हेटाच्या शेपटीवर दाबून धरतो. दोघांच्या मध्ये पत्रा असल्याने चेहरा दिसत नाही आणि कानांवर संरक्षक असल्याने बोलणे ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस पत्र्यावर ठोके देतो. एक ठोका म्हणजे अजून मार, दोन म्हणजे चांगला बसला, तीन म्हणजे बिघडला, काढून टाकावा लागेल. माझा पहिला जोडीदार हवाई दलातून निवृत्त होऊन येथे आलेला, साठीकडे झुकलेला, मितभाषी माणूस होता. त्याचे ओक्लाहोमी इंग्रजी मला समजत नसे आणि माझे नाशिकचे इंग्रजी त्याला. पहिल्या दिवशी मला त्याने तीन ठोके इतक्या वेळा दिले की संध्याकाळी बोटे थरथरत होती. तिसऱ्या आठवड्यात एका संपूर्ण ओळीत, एकामागून एक, फक्त दोन ठोके आले. ओळ संपल्यावर तो पंखाखालून वाकून बाहेर आला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पाणी प्यायला निघून गेला. माझ्या पदवीच्या गुणपत्रिकेने मला एवढा आनंद दिला नव्हता.

या तळाचाच एक जुना भाग मला विशेष जवळचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात येथे डग्लस कंपनीचा कारखाना होता आणि त्यात पाच हजारांहून अधिक सी-४७ विमाने बांधली गेली. सी-४७ म्हणजे आपली डाकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर भारतीय सैनिकांना उतरवणारी विमाने त्याच जातीची होती. पुरुष आघाडीवर गेल्यामुळे त्या कारखान्यात हजारो स्त्रियांनी रिव्हेट गन हाती घेतली होती. जवळजवळ मैलभर लांब असलेली ती इमारत आजही वापरात आहे. माझ्यासारखी साडेपाच फुटांहून कमी उंचीची बाई पंखाच्या टाकीत सहज शिरते तेव्हा आमचा प्रमुख म्हणतो की हे काम मुळात स्त्रियांनीच येथे सुरू केले. टाकीतले काम मात्र कठीण असते. सुती कपडे, तोंडाला श्वसनयंत्र, आतल्या हवेची सतत मोजणी, आणि बाहेर एक माणूस केवळ माझ्यावर लक्ष ठेवण्यासाठी उभा. त्या काळोखात, कोपरे टेकवून, सांधे बंद करणाऱ्या सीलंटचा जुना थर खरवडताना तास कसा जातो हे कळत नाही. बाहेर आल्यावर ओक्लाहोमाचा चाळीस अंशांचा उन्हाळाही मोकळा वाटतो.

आता अभिमानाविषयी, कारण आत्याबाईंचा प्रश्न खरे तर त्याविषयी होता. तळावर येण्यापूर्वी मी एका खासगी दुरुस्ती केंद्रात शिकाऊ म्हणून काम करीत होते. एका पहाटे माझ्या ड्रिलचे टोक मोडले आणि तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा सापडेना. विमान सकाळी सोपवायचे होते. तो तुकडा कदाचित कधीच कोणाला बाधला नसता. कदाचित एखाद्या केबलच्या पुलीत जाऊन अडकला असता. मी पर्यवेक्षकाला सांगितले, त्याचा चेहरा उतरला, काम थांबले, आणि लवचिक कॅमेऱ्याने शोधता शोधता साडेतीन तासांनी तो तुकडा एका आडव्या पट्टीच्या खाचेत मिळाला. उशीर झाल्याबद्दल मला बरेच ऐकावे लागले. त्या सकाळी गाडीत बसून मी बाबांना फोन केला आणि रडले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "तू स्वतःहून सांगितलंस ना?" मी हो म्हटले. "मग आता घरी जाऊन झोप," ते म्हणाले.

बाबांचे ते वाक्य मला कळले कारण त्यांचे न बोलणे मी पाहिले होते. लहानपणी बातम्यांत कोठे मिग-२१ कोसळल्याचे आले की आमच्या घरात जेवण शांततेत होई. वृत्तपत्रे त्या विमानाला जे नाव ठेवीत ते बाबांच्या समोर आम्ही कधी उच्चारले नाही. कारण काहीही असो, पक्षी आदळलेला असो वा आणखी काही, ते दुसऱ्या दिवशी लवकर कामावर जात आणि त्या विमानाचा क्रमांक समजेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. वैमानिक वाचला असे कळले की आईला हाक मारून चहा मागत. ज्या मुलांना ते कधीच भेटणार नव्हते, त्यांच्या जिवाचा एक धागा आपल्या हातातून गेला आहे, ही जाणीव त्यांनी निवृत्तीनंतरही उतरवून ठेवली नाही.

आमच्याकडे प्रत्येक कामाच्या कागदावर करणाऱ्याचा क्रमांकित शिक्का बसतो. शिक्का उसना देता येत नाही आणि न केलेल्या कामावर मारता येत नाही. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कोरलेली असते, म्हणजे एखादी खाच रिकामी असली तर लगेच दिसते, आणि ती भरल्याशिवाय विमान पुढे सरकत नाही. काम पूर्ण झाल्यावर दहावी उड्डाण चाचणी तुकडी त्या विमानाची चाचणी घेते. त्या वैमानिकांना माझे नाव ठाऊक नसते. ते पायऱ्या चढून आत जातात आणि दार लावून घेतात. माझा अभिमान तेथे आहे. दार लावताना त्यांच्या मनात शंका येत नाही, या गोष्टीत. विमान उठले की आमच्यापैकी बरेच जण हँगरच्या दाराशी येऊन उभे राहतात, कोणी बोलावत नाही तरी.

पुण्याच्या एका मैत्रिणीने विचारले की हे लष्करी विमान आहे, युद्धाला मदत करते, तुला हे पटते का. प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळत नाही. केसी-१३५ ज्यांना इंधन देते त्यांत बॉम्बफेकी विमानेही असतात. केसी-१३५ विमानेच आजारी आणि जखमी सैनिकांनाही घरी आणतात, आणि समुद्रावर इंधन संपत आलेल्या वैमानिकाला परत आणणारीही तीच असतात. कोणते युद्ध करायचे हे ठरवण्याचा अधिकार मी या देशाचे नागरिकत्व घेतले तेव्हा मतपेटीपुरता मला मिळाला, आणि तो मी वापरते. सांध्यातला गंज मात्र मी प्रत्येक विमानातून सारख्याच काळजीने काढते, कारण आत बसणारी बावीस-तेवीस वर्षांची मुले असतात.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ पासून बासष्ट वर्षे. मी दुसरी पाळी संपवून नुकतीच घरी आले होते. नाशिकला दुपार होत होती. बाबा इस्त्रीचा सदरा घालून दूरदर्शनसमोर बसले होते आणि आईने फोन त्यांच्याकडे वळवून ठेवला होता. शेवटची विमाने उतरली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. काही दिवसांनी खंडेनवमी आली. कामाच्या जागी फुलाची एक पाकळीही नेता येत नाही, इंजिनात काहीही ओढले जाऊ शकते. म्हणून मी बाबांनी मला दिलेली त्यांची सहा इंची पोलादी पट्टी घरीच पाटावर ठेवून, अंगणातल्या झेंडूची दोन फुले वाहिली. १७ ऑक्टोबरला ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाने उड्डाण केले, त्या दिवशी बाबांनी मला तीन वेळा फोन केला.

आमचे रविवारचे बोलणे ठरलेले असते. प्रकृती, पाऊस, द्राक्षांचा भाव झाला की ते विचारतात, "या खेपेला कुठं धरला होता गंज?" गेल्या रविवारी मी सांगितले की डाव्या बाजूला, मालाच्या दाराच्या चौकटीखाली, तीन बोटे रुंद. "पाणी साचत असणार तिथं," ते म्हणाले, "निचऱ्याचं भोक बघितलंस का?" मी पाहिले होते. जुन्या सीलंटने ते अर्धे बुजलेले होते.