तोच रंग आहे, ताई

स्वेटर विणायला घेणार असाल तर लोकर एकदाच घ्या, सगळी घ्या आणि एकाच लॉटची घ्या. एवढं एक वाक्य दिवाळीच्या सुमाराला कुणी कानात घातलं असतं, तर एका बाहीचा स्वेटर पाच आठवडे मांडीवर घेऊन बसायची वेळ माझ्यावर आली नसती.

परभणीत कशाला लागतो स्वेटर, असं पुण्याकडचे नातेवाईक विचारतात. ते येतात लग्नसराईत, मे महिन्यात, पारा ४३ वर असताना. डिसेंबरात येऊन बघावं. पेपरात दर हिवाळ्यात एकदा तरी ‘परभणी गारठली’ छापून येतं आणि खाली कृषी विद्यापीठातल्या तापमानाचा आकडा असतो. विद्यापीठाचं रान मोकळं, तिथं गारठा जास्तच. पण आमच्या गल्लीतही सकाळी भांडी घासायला नळाखाली हात धरवत नाही.

तर लेकीसाठी कार्डिगन विणायचं ठरवलं. ती संक्रांतीला येणार होती. माझं विणकाम शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाचं. नववीत मफलर केला होता, एका टोकाला सहा इंच रुंद, दुसऱ्या टोकाला नऊ. त्यानंतर पंचवीस वर्षं सुयांना हात लावला नाही. परत धरल्या त्या तीन वर्षांपूर्वी, पतसंस्थेतून घरी आल्यावर टीव्हीसमोर हात रिकामे नकोत म्हणून. दोन बिनबाह्यांचे स्वेटर, एक शाल आणि गल्लीतल्या बाळांची टोपरी, एवढीच पुंजी.

घोळ तिथंच झाला. बिनबाह्यांच्या स्वेटरला मला २५ ग्रॅमचे १० गुंडे लागले होते. बाह्यांचे चार जास्त धरले आणि डाळिंबी रंगाचे १४ गुंडे घेऊन आले. दोन पूर्ण बाह्या आणि बटणपट्टी किती लोकर खातात, याचा अंदाजच नव्हता. मध्यम अंगाच्या बाईच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साडेचारशे-पाचशे ग्रॅम धरून चाला, म्हणजे १८ ते २० गुंडे. उरली तर टोपरं होतं.

पाठ, पुढचे दोन भाग आणि एक बाही तीन आठवड्यांत उरकली. दुसऱ्या बाहीचे टाके घालायला बसले तर टोपलीत एक गुंडा आणि शेजारी त्याच्या भावाचं शेपूट.

दुकान म्हणजे मॅचिंग सेंटर. लेस, बटणं, अस्तर, फॉल हे बारमाही, आणि दिवाळी ते संक्रांत लोकर. मालक म्हणाले, “डाळिंबी ना? संपली बघा. लुधियानाहून माल निघालाय, आठ दिवसांत येऊन जाईल.” मी खुशीत घरी आले. आठ दिवसांनी गेले. “यायलाय की ताई, ट्रान्सपोर्टला अडकलाय.” पुन्हा चार दिवसांनी गेले, तर माल आला होता! पण गाठोडी माळ्यावर, आणि ती उतरवणारा पोरगा येळवशीला गावाकडं गेलेला. त्याचं गाव लातूरच्या बाजूला. वेळ अमावस्येला तिकडं अख्खं गाव शेतात असतं, भज्जी आणि आंबील खात. त्या पोरावर काय रागवायचं? पण अमावस्या एक दिवसाची, पोरगा आला सहाव्या दिवशी. आणि गाठोड्यात निघाली काय, तर पिस्ता, आकाशी, राखाडी. डाळिंबी पुढच्या मालात. “आठ दिवस धरा, ताई.”

नंतर म्हणाले, चकरा कशाला मारता, फोन करत जा. फोन केला की मागून गिऱ्हाइकांचा गलका आणि “ताई, थोड्या वेळानं लावतो.” तो थोडा वेळ अजून चालू आहे.

चिडायचा मला फारसा हक्क नाही, हेही कबूल करते. मी स्वतः काउंटरला बसते. सर्व्हर डाऊन आहे, उद्या या, असं आठवड्यातून दोनदा तरी कुणाला तरी सांगते. त्याच दिवसांत एका आजोबांनी पासबुक मागं घेत माझ्याकडं असं बघितलं, की मॅचिंग सेंटरच्या दारातून परतताना माझं तोंड कसं होत असेल ते मला कळलं. त्यांची एंट्री मी जेवणाच्या सुट्टीत करून दिली. माझी कुणी करून देईना.

घरीही तेच. सासूबाई रोज विचारायच्या, “काय विणायलीस गं?” काहीच विणत नव्हते. विणलेलं उलटसुलट करून बघत होते.

मग शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण म्हणाली, आमचे नांदेडचे ओळखीचे सरदारजी परवा सचखंडनं निघालेत, लुधियानाला उतरणार आहेत. मला स्वतःचाच राग आला. सचखंड एक्स्प्रेस नांदेडहून सुटते, परभणीवरून जाते आणि लुधियानाला थांबून अमृतसरला पोचते. माझी लोकर जिथून येणार, त्या गावाला जाणारी गाडी रोज माझ्याच स्टेशनातून जात होती आणि मी आठ-आठ दिवस मोजत बसले होते.

गुंड्याचं एक लेबल नशिबानं शिवणाच्या डब्यात राहिलं होतं. (लेबल टाकू नका. एक तरी स्वेटर पुरा होईपर्यंत जपा.) त्याचा फोटो मैत्रिणीनं त्यांना पाठवला. तिसऱ्या दिवशी लुधियानाच्या बाजारातून त्यांचा फोन: शेड मिळते आहे, पण हा लॉट कधीच संपला, दुकानदार म्हणतोय जुळणार नाही, घेऊ का?

लॉट हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. लेबलवर दोन नंबर असतात, एक शेडचा आणि एक लॉटचा. एका वेळी एका टाकीत रंगवून निघालेली लोकर म्हणजे एक लॉट. पुढच्या वेळी रंग तोच, माप तेच, तरी किंचित फरक पडतो. वरणात रोज तीच हळद आणि तोच चमचा, पण काल-आजचं वरण शेजारी ठेवलं तर पिवळा एक निघत नाही, तसं. सरदारजींना मी नको म्हणाले. तेवढ्यात इथल्या दुकानातून निरोप आला, डाळिंबी आली!

गेले. ट्यूबलाइटखाली गुंडा माझ्या बाहीला लावून बघितला, अगदी तोच वाटला. लेबल बघितलं, शेड तीच, लॉट वेगळा. “लॉटबिट काही नसतंय ताई, तोच रंग आहे. धुतल्यावर एक होतोय.” कळत असूनही मी चार गुंडे घेतले, १४० रुपये दिले. पाच आठवड्यांच्या चकरांनंतर रिकाम्या हातानं बाहेर पडवलं नाही. घरी गच्चीवर उन्हात धरले तर एक डाळिंब, दुसरी वीट. रंग नेहमी दुकानाच्या बाहेर येऊन, उन्हात बघायचा. मालक हातातून सोडत नसतील तर त्यांनाही बाहेर आणायचं.

दोन लॉट मिसळता येतात, नाही असं नाही. दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या, असं आलटून-पालटून विणलं की फरक डोळ्यांत येत नाही. पण ते सुरुवातीपासून करावं लागतं. माझ्याकडं मिसळायला जुनं उरलंच होतं कुठं?

संक्रांतीला नऊ दिवस राहिले होते. रात्री सगळे झोपल्यावर कात्री घेतली. खालून विणत आणलेला भाग खालच्या काठाकडून उसवत नाही, तो वरूनच उसवतो. म्हणून जिथं तोडायचं त्या ओळीतला एकच टाका कापायचा, दोरा ओळभर हळूहळू ओढून काढायचा आणि वरचे मोकळे झालेले टाके लगेच सुईवर घ्यायचे. ऐकायला दोन मिनिटं लागतात. त्या एका टाक्याला कात्री लावायला मला अर्धा तास लागला, मध्ये चहाही करून प्यायले. पाठ आणि पुढचे दोन्ही भाग असे खालून सात-सात इंच कमी केले आणि सुटलेल्या टाक्यांवर खालच्या दिशेनं अरुंद बॉर्डर विणली. कार्डिगनचा श्रग झाला. श्रगला बटणपट्टी लागत नाही, तीही लोकर वाचली. कापलेल्या तुकड्यांतून दुसरी पूर्ण बाही निघाली. शेवटी वीतभर दोरा उरला.

उसवलेली लोकर शेवयांसारखी वळलेली असते, तशीच विणू नका. लडी करून चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यातून काढायची आणि खाली हलकं वजन अडकवून वाळवायची. इस्त्री मात्र चुकूनही नको. आपल्याकडच्या दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रेलिक असते, गरम इस्त्रीखाली तिचा जीवच जातो, लिबलिबीत होते.

सुयांचं राहिलंच. बॉर्डरला १० नंबर, वरच्या विणीला ८. नंबर वाढला की सुई बारीक होते. मी एकदा उलटं समजून १२ नंबरवर आख्खी पाठ विणली होती. पुठ्ठा झाला होता.

लेकीला श्रग आवडला. कार्डिगनपेक्षा हेच बरं, ड्रेसवर घालता येतं, म्हणाली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दोघी बाजारात गेलो तर तिनं तोच घातला होता, आणि मॅचिंग सेंटरवरून जावंच लागतं. मालकांनी लांबूनच बघितलं. बाहेर येऊन बाही चिमटीत धरली, उन्हात, आणि खुशीत हसले.

“बघा ताई, येतंय का ओळखू? मी म्हणलो होतो ना, तोच रंग आहे.”